आग्रहाचा पहिला घास

सांगलीतली बाबासाहेब शिरगुप्प्यांची खानावळ जेवणाइतकीच आग्रहासाठी गाजलेली. जिलेबीची परात घेऊन बाबासाहेब स्वतः टेबलाटेबलांपाशी फिरत, आणि नको म्हणणाऱ्याला साऱ्या हॉलसमोर लाजवत.

एका रविवारी निवृत्त नर्स कुमुदताई आरवाडे नव्या व्याह्यांना घेऊन तिथं जेवायला आल्या. जिलेबी येताच त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "मला शुगर आहे. गोड नको."

"एका जिलेबीनं काय होतंय?" बाबासाहेब गरजले. "माझा आग्रह आजवर कुणी मोडला नाही. व्याह्यांसमोर अन्नाचा अपमान करता?"

व्याही अवघडले. कुमुदताई मात्र हसल्या. त्या स्वतः जेवणाआधी जी गोळी घेत, तीच गोळी गल्ल्यावर बसलेल्या बाबासाहेबांनी गुपचूप तोंडात टाकलेली त्यांनी मघाशीच पाहिली होती.

"नाही मोडत. पण आमच्यात आग्रह करणाऱ्यालाच पहिला घास भरवतात." असं म्हणून त्यांनी परातीतली जिलेबी उचलली आणि थेट बाबासाहेबांच्या तोंडाशी नेली. "हं, आ करा."

सगळा हॉल बघायला लागला. बाबासाहेब दोन पावलं मागं सरले. "मला... डॉक्टरांनी बंद केलंय."

"अस्सं! म्हणजे तुमच्या शुगरला डॉक्टर, आणि माझ्या शुगरला आग्रह होय?"

हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसले ते व्याही. बाबासाहेबांनी निमूटपणे परात आत नेली आणि येताना गरम ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आले.

ताट पुढं सरकवत कुमुदताई म्हणाल्या, "आता करा की आग्रह!"