दुखत नाही

"पण सर, माझं चुकलं तरी काय?"

इंद्रजित चौसाळकरने डॉ. उंबरकरांना हे तिसऱ्यांदा विचारलं.

मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं मेडिसिनच्या वॉर्डातलं पोस्टिंग संपलं होतं. शेवटच्या परीक्षेचे मार्क फळ्यावर लागले होते. अकरा जणांच्या नावापुढे आकडे, आणि बॅचमधल्या सगळ्यात हुशार पोराच्या नावापुढे नुसती रेघ. सरांची सही नाही म्हणजे वार्षिक परीक्षेला बसणं नाही. नाकावर माशी बसू न देणारा हा गडी सकाळपासून सरांच्या दाराशी ताटकळत होता.

"यकृत चार बोटं वाढलेलं, कडा टणक, सगळं बरोबर सांगितलं मी. निदानही बरोबर."

"हो."

"मग?"

"दुखण्याबद्दल काय सांगितलंस?"

"दाबल्यावर दुखत नाही. मी विचारलं होतं ना, सर! तीनदा विचारलं. तिन्ही वेळा पेशंट बाई नाही म्हणाल्या."

"विचारताना कुठे बघत होतास?"

इंद्रजितला पटकन आठवेना... मग आठवलं. तो सरांकडे बघत होता.

"मी बाईंकडे बघत होतो," सर म्हणाले. "तू गेल्यावर त्यांना इंजेक्शन द्यावं लागलं, कळ थांबायला. जा, त्यांनाच विचारून ये."

पेशंटने खोटं बोलायचं आणि भोगायचं आपण! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, असं पुटपुटत तो वॉर्डात गेला.

सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. महिनाभर रोज दहा-बारा हात त्यांचं पोट दाबून जात. आता आपण घरी जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांना ठाऊक होतं.

"मावशी, परीक्षेच्या दिवशी मी दाबलं तेव्हा दुखत होतं का?"

त्या सावकाश वळल्या. त्याला ओळखून हसल्या.

"पास झालास नव्हं, लेकरा?"

"दुखत होतं का?"

"मरणाचं."

"मग नाही का म्हणालात?"

"तुझ्या आधी त्या पोरीनं दाबलं अन् म्या वरडले. सायबांनी तिला सगळ्यांम्होरं झापलं, हात हळू लावता येत नाही का म्हणून. लई रडली बिचारी. म्हनलं, माझ्यापायी आता कुणाचं नुकसान नको."

ती पोरगी रडताना इंद्रजितने पाहिली होती. तेव्हा तो मनातल्या मनात हसला होता.

"सांग की. झालास ना पास?"

"झालो, मावशी."

त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याला वाटलं, आता इथून पळून जावं. पण तो हात सुटेपर्यंत तो उभा राहिला.

तो परत सरांच्या खोलीत आला. ऐकलं ते सगळं त्याने सरांना सांगितलं, काही न गाळता.

"सर, मला नापास करा."



"त्या पोरीला मी ओरडलो, ते बाईंना दुखू नये म्हणून," सर म्हणाले, पण त्याला नाही, स्वतःलाच.

मग त्यांनी मार्कांचा मूळ कागद पुढे ओढला, रेघ खोडली आणि लिहिलं: वीसपैकी वीस. खाली सही केली.

"सर! हे मार्क मला नकोत."

डॉ. उंबरकरांनी पेनाला टोपण लावलं आणि वॉर्डाकडे बघितलं.

"यातला एकही मार्क मी दिलेला नाही."