येसबाने पाच सिनेमे पाहिले

एका तालुक्याच्या गावात येसबा नावाचा एक भोळा राहायचा. किती भोळा? बायको म्हणाली, दुधावर नजर ठेवा. दूध उतू गेलं, चूल विझली, पण याची नजर काही हलली नाही.

बायको मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली, बारसं झालं, पाचवा महिना लागला, तरी सासरे तिला पाठवेनात. म्हणाले, "जावईबापू, तुमची एकही नोकरी आठवडाभर टिकत नाही. एवढंसं लेकरू तुमच्या हाती कसं देऊ? पाच आठवडे एका जागी टिका. मग मीच दोघींना आणून सोडतो."

गावात एक साप्ताहिक निघायचं. त्याचे मालक माणिकराव. त्यांनी येसबाला सिनेमांवर मत लिहायला बसवलं. ज्याला स्वतःला काही जमत नाही, तो दुसऱ्याला नावं ठेवायला बरा, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या आठवड्यात खुनाचा सिनेमा लागला. येसबाने लिहिलं, "खून स्वयंपाक्याने केला. पोलीस सोडून सगळ्यांना ते आधीच कळतं." टॉकीज ओस पडलं.

माणिकराव ओरडले, "अरे शहाण्या, शेवट सांगायचा नसतो! लिहायचं, पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा."

"बरं साहेब."

दुसऱ्या आठवड्यात माहितीपट आला. साप चावला तर काय करावं, याचा. येसबाने लिहिलं, "शेतात बाईला साप चावतो. आता तिने काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते मला कळलं आहे. पण सांगणार नाही. पडद्यावरच पाहा."

बाया लेकरं काखेत मारून कचेरीवर आल्या. "म्हणजे पोराला साप चावला की आधी तिकीट काढू का रे मुडद्या?"

माणिकराव म्हणाले, "अरे बैला, जिवाचा प्रश्न आला की उपाय आधी सांगायचा! दवाखान्यात न्या म्हणायचं!"

"बरं साहेब."

तिसऱ्या आठवड्यात प्रेमाचा सिनेमा. नायिका खोकत खोकत मरते आणि मरता मरता तीन गाणी म्हणते. येसबाने लिहिलं, "हिला पहिल्या गाण्याआधीच दवाखान्यात न्यायला हवं होतं. जिला श्वास घेता येत नाही तिला गायला लावतो, तो कसला नवरा? कुणाला खोकला असेल तर सरकारी दवाखाना बुधवारी उघडा असतो."

सिनेमावाल्याचा फोन आला. "माझ्या सिनेमाचा दवाखाना केलात होय?"

माणिकरावांनी कपाळ बडवलं. "अरे दगडा, सिनेमा बघताना रडायचं! डोळ्यांतलं पाणी खळेना, असं लिहायचं!"

"बरं साहेब."

चौथ्या आठवड्यात विनोदी सिनेमा. एक जाडा नट लुगडं नेसून शेणावरून घसरला. मग परत घसरला. असा अकरा वेळा घसरला. येसबा पहिल्या रांगेत हुंदके देऊन रडला आणि तसंच लिहिलं, "डोळ्यांतलं पाणी खळेना." खरं सांगायचं तर त्याचं एवढं एकच मत बरोबर होतं.

पण तो नट माणिकरावांचा मेहुणा. "अरे टोणग्या, हसायचं! टाळ्या पिटायच्या! वन्समोर द्यायचा! आता एक आठवडा उरलाय. चुकलास तर हाकलून देईन."

"बरं साहेब."

पाचव्या आठवड्यात माणिकरावांच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. त्यांच्यावर माहितीपट काढला होता. वडिलांनी म्हणे गावासाठी पुष्कळ केलं. काय केलं ते काही दिसेना. तासभर ते नुसत्या शाली घेत होते. सासरेही आले होते. बरोबर मंदा, मांडीवर बाळ, पायाशी कपड्यांची पेटी. आज पाच आठवडे भरणार होते. मंदाने येसबाकडे पाहून डोळ्यांनीच दटावलं, गप बसा.

शेवटी अंत्ययात्रा आली. चिता पेटली. सगळं सभागृह मुसमुसू लागलं. येसबा ताडकन उठला. खो खो हसला. टाळ्या पिटत ओरडला, "वन्समोर! वन्समोर!"

मशीनवाला हुकमाचा ताबेदार. त्याने चित्र उलटं फिरवलं. जाळ विझला. म्हातारबा चितेवरून उतरून तिरडीवर आले. खांदेकरी उलट्या पावली त्यांना घरापर्यंत घेऊन गेले. माणिकरावांची आई पदर तोंडाला लावून बघतच राहिली. मग यात्रा पुन्हा निघाली आणि म्हातारबा पुन्हा जळले.

माणिकरावांनी पायातली वहाण काढली. येसबाला मारत मारत दाराबाहेर नेलं. "चालता हो! अरे गाढवा, लोक रडत असतात तिथं मान खाली घालायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, देव यांच्या आत्म्याला शांती देवो!"

"बरं साहेब."

मागोमाग सासरे पेटी उचलून बाहेर आले. मंदा रडत होती. बाळ रडत होतं.

"बाबा, अजून एक डाव बघा ना," मंदा म्हणाली.

"बघितलं तेवढं पुरे. चल घरी."

येसबाला वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं. तो सासऱ्यांच्या वाटेत उभा राहिला. मान खाली घातली. हात जोडले. आणि मोठ्याने म्हणाला, "देव आमच्या सासरेबुवांच्या आत्म्याला शांती देवो."