मक्याचा अंगरखा

घ्या रे पांघरुणं. रायले, तू इकडे ये, माझ्या कुशीत. आणि ते डब्याचं मी पाहिलंय बरं का. मक्याची भाकरी जशीच्या तशी परत आणलीस. शाळेतल्या पोरी हसतात म्हणे! मी काही रागावलेली नाही. म्हणजे रागावलेय, पण आधी गोष्ट सांगते.

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा दाणे बोलायचे. एक होता डोंगर, आणि डोंगरावर एक गाव. गावाला राजा नव्हता, किल्ला नव्हता, हत्ती तर मुळीच नव्हता. होता तो मका. घरापुढे मका, घरामागे मका, आढ्याला टांगलेली कणसं. माणसं सकाळी मका खायची, संध्याकाळी मका खायची, आणि अशी धडधाकट असायची की नव्वद वर्षांची म्हातारी झाडावर चढून मध काढायची. खोटं नाही सांगत.

त्या गावात रुमली नावाची एक बाई राहायची. अंगानं बारीक, पण मान ताठ. तिच्या हातची भाकरी अशी, की कडेला एक चीर दिसायची नाही.

डोंगराखाली राजाचं राज्य होतं. तिथे भात पिकायचा. तिथल्या लोकांना मक्याचं हसू यायचं. म्हणायचे, मका घोड्यांनी खावा. मग काय झालं, एका वर्षी भातावर टोळ आले. दुसऱ्या वर्षी पुन्हा आले. तिसऱ्या वर्षी तर येताना सगळे सोयरेधायरे घेऊन आले. भाताचं एक रोप राहिलं नाही. मग राजाला डोंगर आठवला.

राजाच्या धान्याची कोठारं सांभाळणारा एक कोठीवाला होता. तो गाढवं घेऊन डोंगर चढला. आता गावानं काय करावं? आम्हाला हसला होतात ना, बसा आता उपाशी, असं म्हणावं? नाही म्हणाले हो! आढ्याची निम्मी कणसं उतरवून दिली. असं होतं ते गाव. मग कोठीवाल्यानं रुमलीला विचारलं, "बाई, हे करायचं कसं?" रुमलीनं सांगितलं, "दाणे सोला, शिजवा, रात्रभर मुरवा, सकाळी वाटा आणि भाकऱ्या थापा." कोठीवाला गाढवं हाकत निघून गेला.

आणि इथेच चूक झाली बघा. रुमली चुना सांगायला विसरली. लपवला नाही हं! अगं, त्या गावात चुन्याशिवाय मका शिजतच नसे. नवी सून उंबऱ्यावर आली की सासू तिच्या तळहातावर चुन्याचा गोळा ठेवायची. तो तिनं मक्याच्या मडक्यात सोडला की मगच ती घरची झाली. भात कसा करायचा हे सांगताना 'आधी चूल पेटवा' असं कुणी सांगतं का? तसंच तिचं झालं.

इकडे राज्यात घरोघर मका शिजला. भाकऱ्या थापताना तुटायच्या, पण पोटं भरली. एक महिना गेला, दोन गेले. तिसऱ्या महिन्यात लोकांच्या हातांची सालं निघायला लागली. उन्हात गेलं की मान लालभडक. पोटं बिघडली. चालता चालता माणसं विसरायची, आपण निघालो कुठे. राजाची एकुलती एक मुलगी हेमावती, तुमच्याएवढीच, ती अंथरुणातून उठेना. एके दिवशी राणी तिला भरवायला बसली, तर ती राणीला म्हणाली, "तुम्ही कोण?"

पोटच्या पोरीनं असं विचारलं, मग काय होईल आईचं? राणी रडत सुटली. राजानं वैद्यांना बोलावलं. पहिला वैद्य म्हणाला, मका सात पाण्यांनी धुवा. धुतला, काही फरक नाही. दुसरा म्हणाला, तुपात परता. परतला, काही फरक नाही. तिसरा म्हणाला, सोन्याच्या हंड्यात शिजवा. शिजवला, हंडा तेवढा काळा झाला. आणि गंमत म्हणजे दर वेळी आतले दाणे ओरडून सांगत होते, "आमचा अंगरखा काढा! अहो, अंगरखा काढा!" पण राजवाड्यात ऐकणार कोण? तिथे सगळे बोलणारेच.

मग राजा भडकला. म्हणाला, डोंगरवाल्यांनी मक्यावर करणी केलीय. पौर्णिमेपर्यंत माझी पोर बरी झाली नाही, तर डोंगरावरची सगळी शेतं जाळून टाका!

निरोप गावात आला. म्हातारे म्हणाले, पळून जाऊ. तरणे म्हणाले, लढू. रुमली मात्र चुलीपाशी बसली आणि आपण कोठीवाल्याला काय बोललो ते आठवू लागली. दाणे सोला, शिजवा, मुरवा... "अगं बाई! मी चुना सांगितलाच नाही!" मग ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसले, चुन्याचं गाठोडं बांधलं, आपलं काळं मडकं डोक्यावर घेतलं आणि एकटी डोंगर उतरली.

राजानं विचारलं, "करणी केलीस ती तूच का?"

रुमली म्हणाली, "करणी नाही महाराज, चूक केली. अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगायला आलेय. चुन्याशिवाय मका अंगी लागत नाही." आणि तिनं गाठोडं सोडलं.

तिन्ही वैद्य खो खो हसले. "चुना? चुना भिंतीला लावतात!"

रुमलीनं त्यांच्या लालचुटुक तोंडांकडे पाहिलं. "आणि तुम्ही रोज विड्यात खाता तो?" तिघांनी पटकन तोंडं पुसली.

राजा म्हणाला, "आणि माझी मुलगी बरी नाही झाली तर?"

"तर पहिलं शेत माझं जाळा. पण तोवर चूल माझी. मध्ये कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही." हो, असं राजाला म्हणाली ती!

मग तिनं चुना पाण्यात कालवला. गाळ खाली बसू दिला. वरची निवळी मडक्यात ओतली आणि दाणे सोडले. उकळी आली तसे दाणे पिवळेधमक झाले, आणि नव्यानं रंगवलेल्या भिंतीसारखा वास राजवाडाभर सुटला. रुमलीनं मडक्याजवळ कान नेला. म्हणाली, "काढते रे बाळांनो, काढते." राजाला वाटलं, हिचंही डोकं फिरलं!

दाणे रात्रभर मुरले. सकाळी तिनं ते दोन्ही हातांनी चोळले. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. पातळ पातळ सालं सुटून पाण्यावर तरंगायला लागली. दाण्यांचे अंगरखे ते! आणि सगळे दाणे मिळून एवढ्या मोठ्यानं "हुश्श!" म्हणाले की कोठीवाला धप्पकन खाली बसला. रुमलीनं दाणे पाट्यावर वाटले, भाकरी थापली. राणीनं ती हातात घेऊन गोल गोल फिरवली. कडेला एक चीर नाही.

पहिल्या दिवशी हेमावतीनं जेमतेम चतकोर खाल्ली. चौथ्या दिवशी उठून बसली. हातांची सालं निघायची थांबली. आणि पौर्णिमेच्या सकाळी तिनं अख्खी भाकरी संपवली, ताट पुसलं, आणि राणीकडे बघून म्हणाली, "आई, तू रडतेस कशाला?"

राजा रुमलीला म्हणाला, "माग. पालखी माग, हार माग, काय हवं ते माग." रुमली म्हणाली, "काही नको. उद्याचे दाणे तेवढे तुम्ही चोळा." आणि राजा बसला की मांडी घालून! अंगठ्या काढून ठेवल्या आणि पाच मडकी दाणे चोळले. सगळी प्रजा बघत होती. मग घरोघर चुन्याचं मडकं चढलं आणि सगळी माणसं बरी झाली. पुढे टोळ गेले, भात आला, तरी मका कुणी सोडला नाही. त्याला हसायचं तर नावच नाही. सगळे पोटभर जेवले आणि सुखानं राहिले.

आणि ती रुमली कोण, ठाऊक आहे? माझ्या सासूच्या सासूची सासू. तिचं ते मडकं फुटलं कधीच, पण मी या घरात आले तेव्हा माझ्याही तळहातावर चुन्याचा गोळा ठेवला होता. मी काही राजाघरी दिलेली नाही, पण त्या दिवशी माझी मान अशी ताठ झाली होती!

काय गं रायले? उद्या डब्यात भाकरी हवी? एक नको, दोन? बरं, दोन देते. कुणी हसली तर तिलाही अर्धी दे, आणि म्हणावं, एक चीर दाखव.

ते बघ, चुलीपाशी मडकं झाकून ठेवलंय. त्यात उद्याचे दाणे मुरतायत. मला एकटीला नाही उरकायचे, सकाळी चोळायला तुझे हात लागतील. मिटा डोळे. झोपा आता.