चार पंखांचा दादा

दुर्बिणी बोलायच्या तेव्हाची गोष्ट. मेलेला भाऊ आकाशात नेमका कुठे बसतो, हे धाकट्या पिंगळ्याला कुणीच सांगितलं नाही. आईने तर खाणंच सोडलं. म्हणून तो टेकडीवरच्या दुर्बिणीकडे गेला. तिने काढलेल्या फोटोत एका ताऱ्याला चार लखलखीत पंख होते.

"दादा! तुला दोन धड हलवता येत नव्हते, आता चार?"

पण शेजारच्या ताऱ्यालाही चारच होते.

दुर्बीण खिदळली. "अरे मूर्खा, माझा छोटा आरसा चार पट्ट्यांनी धरलाय. त्यांच्या कडांवरून उजेड पसरतो, म्हणून प्रत्येक ठळक ताऱ्याला असे काटे फुटतात."

पिंगळा तिच्यावर शिटला आणि घरी आला.

"दिसला का रे?" आईने विचारलं.

"दिसला. चार पंख फुटलेत त्याला," असं म्हणत त्याने तिच्या चोचीत नाकतोडा कोंबला.