न झिजलेलं जस्त

“जस्ताला ओरखडासुद्धा नाही, उस्ताद. हे बघा. मग लोखंडानं दगा दिला, यात माझा काय गुन्हा?”

विश्राम चेऊलकरने वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली विटेएवढी वडी म्हाताऱ्यापुढे ठेवली. वडीवर लालभडक रंग होता.

यासीन उस्ताद जेटीशेजारच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी खाडीतल्या लोखंडी लाँची बांधल्या, दुरुस्त केल्या. विश्राम नवा इंजिनिअर होऊन आला तेव्हा पत्रा ठोकून त्याचा आवाज ऐकायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आता विश्राम सरकारी सर्वेक्षक होता. त्याच्या शिक्क्याशिवाय खाडीत एकही लाँच माणसं भरून सुटत नसे.

त्याचा शिक्का असलेली एक लाँच गेल्या मंगळवारी भर खाडीत तळ फुटून बुडाली. सात माणसं गेली. ही वडी तिच्याच बुडाची.

चौकशी सोमवारी सुरू व्हायची होती. गुन्हेगार शुक्रवारीच सापडला होता. भिकू पावसकर. लाँची रंगवायचा. तो कोठडीत होता.

“खुर्ची नाही माझ्याकडं,” उस्ताद म्हणाले. “डब्यावर बस. साहेबांना चालत असेल तर.”

विश्राम डब्यावर बसला.

उस्तादांनी सुरी घेतली आणि वडीवरचा रंग खरवडला. खाली जस्त लखलखत होतं.

“कधी बसवलेली?”

“दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं खाऱ्या पाण्यात. आणि नवरीसारखी!”

“तेच तर म्हणतोय! मी शेऱ्यात लिहिलंय. जस्त उत्तम स्थितीत, बदलण्याची गरज नाही.”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं.

“विश्राम, हे लाँचीच्या बुडाला कशाला लावतात रे?”

“उस्ताद, मी काय पोर आहे?”

“सांग तरी. मी सातवी नापास. तू शिकलेला.”

विश्राम हसला. शिकलेलं सांगायला त्याला नेहमीच आवडे.

“लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन लवकर सोडतं. दोन्ही एकमेकांना टेकून पाण्यात असले की जस्ताचं ऑक्सिडीकरण होतं. लोखंड वाचतं.”

“म्हणजे झिजणं हेच त्याचं काम.”

“हो.”

“हे झिजलं नाही.”

विश्रामने वडी उलटी करून पाहिली.

“जस्तानं सोडलेलं कोण घेतं?”

“पाण्यातला ऑक्सिजन. त्याचं क्षपण होतं.”

“आणि घेणारा नसेलच, तर?”

“मग देणंही होत नाही. एकटं ऑक्सिडीकरण कधी नसतंच, उस्ताद. एकानं गमावलं की त्याच क्षणी दुसऱ्यानं कमावलेलं असतं. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.”

“चांगलं कॉलेज आहे.”

उस्तादांनी सुरी पुसून खाली ठेवली.

“सात माणसांनी गमावलं. कमावलं कुणी?”

विश्राम उठला. पुन्हा बसला.

“भिकूनं जस्तावर रंग फासला. रंगाखाली जस्त कोंडलं गेलं. ओहोटीत वाळूला घासून बुडाचा पत्रा उघडा पडला होता, तिथं गंज लागला. सरळ आहे सगळं.”

“मी ते नाही विचारलं. भिकूला काय मिळालं?”

“त्याला काय मिळणार?”

“मग तो घेणारा नाही. पुढचा सांग.”

“…मालकाला उद्घाटनाला लाँच चकाचक हवी होती. पाहुणे मोठे होते.”

“मिळाली. पुढचा.”

“खात्याला नवी फेरी सुरू करून दाखवायची होती.”

“दाखवली. पुढचा?”

विश्रामने वडी परत वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

“तुझी बढती कधी झाली रे?”

“…त्याच महिन्यात.”

बाहेर ओहोटी लागली होती. जेटीच्या खांबांवरच्या कालवांतून पाणी ठिबकत होतं. खांबाला त्याच मालकाची दुसरी लाँच बांधलेली होती. पहिलीची जुळी. दोघी एकाच आठवड्यात बांधल्या, एकाच आठवड्यात रंगवल्या. अपघातानंतर फेऱ्या बंद होत्या. त्या उद्या सुरू व्हायच्या होत्या. तिच्या केबिनवर नवीन प्रमाणपत्र चिकटवलेलं होतं, डिंकही वाळला नव्हता.

विश्रामने फाईल उघडली.

“उस्ताद, मी वाद घालायला आलो नाही. तुमची एक सही हवी. भिकूनं कुणालाही न विचारता जस्त रंगवलं, एवढंच लिहिलंय. तो तुमच्या हाताखालचा. दोन्ही काठांवर तुमचा शब्द चालतो. तुम्ही सही केलीत की समिती पुढं काही विचारणार नाही.”

“भिकू मला विचारायला आला होता.”

“काय?”

“म्हणाला, चाचा, साहेब म्हणतायत जस्तावरही रंग मार, पाण्यात सोडतानाच्या फोटोत डाग दिसतो. मी सांगितलं, मारू नको. तो म्हणाला, नाही मारला तर उद्यापासून दुसरा रंगारी येईल.”

“हे कागदावर कुठं आहे?”

“कुठंच नाही. भिकूला लिहिता कुठं येतं?”

“मग झालं तर.”

इतका वेळ मऊ बोलणारा विश्राम आता नीट बसला. त्याच्यातला साहेब परत आला होता.

“तुम्हीच शिकवलंत ना, उस्ताद? एक झिजतं म्हणून बाकीचं तरंगतं. खातं बुडालं, तर शंभर घरं बुडतील. माझं घर बुडेल. भिकूला मागेपुढे कोणी नाही. दोन वर्षांत सुटेल. एका वडीच्या जिवावर अख्खी लाँच वाचते. हा निसर्गाचा नियम आहे. मी नाही केला.”



उस्तादांनी पेनासाठी हात पुढे केला.

विश्रामला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने घाईघाईने टोपण काढलं.

उस्तादांनी कागद वाचला. सावकाश, ओठ हलवत. घडी केली. पेन आणि कागद सदऱ्याच्या खिशात टाकले आणि गुडघ्यांवर हात देत उठले.

“सही…?”

“करतो. पलीकडच्या काठावर.”

“पलीकडं का?”

“भिकूचं गाव पलीकडं. तिथं बसून करतो. चल.”

ते जेटीवरून चालत गेले. विश्राम फाईल सावरत मागे गेला.

उस्ताद जुळ्या लाँचीत उतरले. बहात्तराव्या वर्षी, दोरीला धरून, एक पाय आधी, मग दुसरा. त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं, आत काहीतरी चाचपलं. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धरलं. पायांखालच्या फळ्या थरथरू लागल्या.

उस्ताद पुढच्या बाकावर बसले. शेजारची जागा हातानं झटकली.

“ये.”

विश्राम जेटीच्या कडेला उभा होता.

“रस्त्यानं जाऊ, उस्ताद. पुलावरून. गाडी आहे माझी.”

“पुलावरून दीड तास. इथून दहा मिनिटं.”

“भरती नाहीये.”

“खोल पाणी आहे. पुरुषभर नाही, तीन पुरुष.”

“इंजिन…”

“इंजिन ऐकतोयस ना? चांगलं आहे. बुडाचं तू लिहिलंयस. उत्तम स्थितीत.” उस्तादांनी केबिनवरच्या कागदाकडे पाहिलं. “आजचीच तारीख आहे. उद्या सातला यात शाळेची बत्तीस पोरं बसतील. आपण तर दोघंच.”

विश्रामने लाँचीकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग लाँच आणि पाणी जिथं मिळतात त्या लाल रेषेकडे.

त्याचा एक पाय उचलला गेला. हवेत राहिला. परत जेटीवर टेकला.

“मला… मला पोहता येत नाही, उस्ताद.”

“त्या सातांतल्या पाच जणांना येत होतं.”

इंजिन चालू होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं राहून पाहत होतं.

विश्राम मागे सरला. एक पाऊल. आणखी एक.

उस्तादांनी इंजिन बंद केलं. खिशातला कागद काढला, पुन्हा उलगडला, आणि कोऱ्या बाजूवर भिकूचं नाव घालून त्यानं तेव्हा सांगितलेलं सगळं लिहायला लागले.

वर न बघता म्हणाले,

“झाली चौकशी.”