दोन मोज्यांवरचं माप

बर्फाच्या डोंगरात एक उंच गाव होतं, आणि आसपासच्या पाच गावांना पुरेल अशी एकच सुईण त्या गावात राहत होती. तिचं नाव सरूली. हिवाळ्यात तिथल्या वाटा कमरेएवढ्या बर्फाखाली गडप होत. मग लोक पायांना लांब लाकडी फळ्या बांधून उतारावरून घसरत जात. शहरातली हौशी माणसं हल्ली त्या फळ्यांना स्की म्हणतात. सरूलीला हौस नव्हती, गरज होती. बाळं काही बर्फ वितळायची वाट बघत थांबत नाहीत.

सरूलीचा हात हलका होता, पण स्वभाव भारी ताठ. बाळंतपणाला आलेल्या बायकांना ती दरडावून सांगे, की कळ आली की बोलायचं, उगाच सोसत बसायचं नाही. तिचं सगळे ऐकत. ती मात्र कुणाचंच ऐकत नसे.

दिवाळीच्या सुमारास गावचा मोची मंगसीरू तिच्या नव्या बुटांचं माप घ्यायला आला. फळ्यांवर घालायचे हे बूट कडक चामड्याचे, नडगी झाकणारे आणि पट्ट्यांनी आवळायचे असत. मंगसीरूने मोजे काढायला सांगितलं. सरूलीने काढले तर नाहीतच, उलट दोन जाड लोकरी मोजे एकावर एक चढवून पाय पुढे केला. थंडी माझ्या पायांना वाजते, तुझ्या मापाच्या दोरीला नाही, असं तिने त्याला सुनावलं. मंगसीरूने मुकाट्याने दोन मोज्यांवरून माप घेतलं. सरूलीशी वाद घालणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता.

पौष लागेपर्यंत मोज्यांची लोकर दबून पातळ झाली आणि बूट सैल पडले. प्रत्येक वळणाला पाय आतल्या आत हले आणि नडगी पुढच्या कडक चामड्यावर आपटे. सरूलीने काय करावं? तिने तिसरा मोजा चढवला. विजारीचे पायही बुटात कोंबले. तरी दुखणं थांबेना, तेव्हा वरचे पट्टे बोटसुद्धा शिरणार नाही इतके आवळले. कोंबलेल्या कापडाची घडी नडगीत रुतू लागली. तिथे निळा डाग उठला आणि त्या डागाचं टेंगूळ झालं.

पण तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मंगसीरूला तिचं लंगडणं दिसत होतं. एकदा त्याने बूट बघायला मागितले. तेव्हा ती म्हणाली, की तू आरी धरायला शिकलास त्याच्या आधीपासून मी बर्फावर चालतेय. असे वीस दिवस गेले.

एका दुपारी खालच्या गावातला एक गडी धापा टाकत तिच्या दारात आला. त्याची बायको फ्युंली पहिलटकरीण होती. सकाळपासून ती कळा देत होती आणि मूल पोटात आडवं आलं होतं. एवढं सांगून तो उंबऱ्यावरच बसला. त्याच्या पायांत उठायचं त्राण उरलं नव्हतं.

सरूलीने आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेकडून ढग चढत होते. ढग डोंगरावर उतरले की वाट दिसणार नाही, आणि वाट दिसली नाही तर खालचे दोन्ही जीव जाणार, हे तिला सांगायला कुणी नको होतं. तिने पिशवी पाठीला बांधली. उतारावर एकट्याने जायचं नाही, असा गावाचा नियम होता. त्या दिवशी सोबत जायची पाळी नेमकी मंगसीरूची होती.

पहिला उतार ती दात आवळून उतरली. दुसऱ्या उतारावर प्रत्येक वळणाला नडगीवर हातोडी बसल्यासारखी कळ येऊ लागली. नडगी वाचवायला ती मागे रेलली. मागे रेलताच फळ्या तिला न जुमानता पुढे पळाल्या, पाय बुटात अधिकच हिंदकळला आणि नडगी दुप्पट जोराने आपटली. ती पडली. उठली, पुन्हा मागे रेलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिच्या फळ्या कड्यापासून दोन हातांवर येऊन थांबल्या. बर्फाचं एक ढेकूळ कड्यावरून खाली गेलं. ते खाली आदळल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

मंगसीरू तिच्यापाशी येऊन थांबला. “दीदी, बूट काढा,” तो म्हणाला.

“ढग दिसतायत ना तुला? बसायला वेळ कुठे आहे?”

“पडायला आहे, आणि बसायला नाही?” तो शांतपणे म्हणाला. “अशा आणखी एकदा पडलात, तर फ्युंलीकडे कुणीच पोचणार नाही.”

सरूलीला राग आला. त्याचा नव्हे, तो खरं बोलला याचा. बूट काढायचा म्हणजे वीस दिवसांचा खोटेपणा त्याच्यासमोर उघडा करायचा. तिच्या ताठ मानेला हे कड्यावरून पडण्यापेक्षा अवघड वाटत होतं. पण तिकडे चुलीशेजारी एक पोर दाराकडे डोळे लावून कण्हत पडली होती, आणि इकडे ही आपली अब्रू सांभाळत होती. सरूलीला स्वतःची लाज वाटली. ती बर्फात बसली.

“दुखतंय रे,” ती म्हणाली. “कधीपासून दुखतंय.”

मंगसीरूने पट्टे सोडले. विजारीच्या घड्या बाहेर ओढल्या आणि तिन्ही मोजे उतरवले. नडगी पाहून त्याने फक्त ओठ आवळले, तिला टोमणा मारला नाही. फडक्यात बर्फ बांधून त्याने टेंगळावर धरला. मग एकच पातळ मोजा सुरकुती न ठेवता चढवला. आपल्या अंगरख्याखालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, कापून त्याचे तुकडे टाचेच्या मागे आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना बसवले. नडगीसमोर काही घातलं नाही. तिला टाच बर्फावर आपटून बुटात मागे बसवायला लावली. मग खालचे पट्टे घट्ट केले आणि वरचे बेताने. एवढं होईपर्यंत ढग वरच्या कड्यावर येऊन टेकले.

“आता मागे रेलायचं नाही,” तो म्हणाला. “पुढे झुका. नडगी बुटाला टेकलेलीच राहू द्या. मध्ये अंतर राहिलं की ठोसा बसतो.”

“तिथेच तर दुखतंय.”

“दुखेल. पण आपटणार नाही.”

समोर खोल उतार आणि त्याच्याकडेच झुकायचं, तेही दुखऱ्या नडगीवर भार देऊन. सरूली घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा तिला उताराची भीती वाटली. तरी ती झुकली. नडगीतून कळ गेली, पण ती एकसारखी कळ होती, तिच्यात ठोसा नव्हता. फळ्या तिच्या कह्यात आल्या. पहिलं वळण साधलं, मग दुसरं. पाठीमागून ढग उतरत होते आणि दहा हातांपलीकडची झाडं पुसली जात होती. मंगसीरू मागून हाळी देत होता, ती ओ देत होती. शेवटच्या उतारावर तर तिला गाव दिसलंच नाही, नुसता चुलीच्या धुराचा वास आला. त्या वासाच्या मागावर ती फ्युंलीच्या दारात पोचली.

पुढचा वेळ फार वाईट गेला. फ्युंलीचं बळ सरत आलं होतं. सरूलीने पोटावर हात फिरवून फिरवून, इंच इंच ढकलत, मूल वळवलं. ते बाहेर आलं तेव्हा निळं पडलं होतं आणि रडत नव्हतं. सरूलीने बाळाचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडात हळूच फुंकर घातली. काहीच नाही. तिने पुन्हा फुंकर घातली. मग एक बारीक, किरकिरा आवाज आला, आणि पाठोपाठ खणखणीत रडणं सुरू झालं. सरूलीने त्याला गरम फडक्यात गुंडाळून फ्युंलीच्या कुशीत दिलं.

फ्युंलीची सासू तिच्या पाया पडू लागली. अशा बर्फातून तू आलीस म्हणून वाचलो, बर्फानेच तुला उशीर झाला असेल, असं ती म्हणाली. सरूलीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“बर्फाने उशीर नाही झाला,” सरूली म्हणाली. “माझ्या ताठ्याने झाला. पाय दुखतोय हे मी वीस दिवस लपवलं. आणखी थोडा वेळ लपवत बसले असते, तर हे बाळ रडलं नसतं.”

फ्युंलीने पडल्यापडल्या सुईणीच्या सुजलेल्या नडगीकडे पाहिलं. मग बाळाला छातीशी घेऊन ती थोडी सरकली आणि आपल्या अंथरुणावर तिला पाय लांब करायला जागा करून दिली.

तात्पर्य: आपलं दुखणं लपवलं की त्याचा भार आपली वाट पाहणाऱ्या माणसावर पडतो, म्हणून खुपतंय तिथे वेळीच थांबावं, सांगावं आणि जाणत्याचं ऐकावं.