राजगवयाच्या डोक्यातली ढोली

माझं शुद्धलेखन कच्चं, शब्दही साधेच. तेवढं सांभाळून घ्या.

एका राजाचे गवई होते केदारबुवा. सर्दीने त्यांचा भर दरबारात सूर फाटला. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री टपूनच होते.

"महाराज, नाकाच्या आजूबाजूला हाडांत पोकळ्या असतात. शास्त्रात त्यांना कोटर म्हणतात. कोटर म्हणजे मुळात झाडाची ढोली, घुबडाचं घर! असलं पोकळ डोकं दरबारात कशाला? द्या निरोप."

बुवांची मान खाली गेली. मागे तंबोरा धरून बसलेली त्यांची मुलगी कालिंदी म्हणाली, "शास्त्रीबुवा, अर्थ अगदी बरोबर सांगितलात. पण हा तंबोऱ्याचा भोपळा बघा. गराने भरलेला भोपळा स्वयंपाकघरात जातो, कोरून पोकळ केलेलाच दरबारात येतो. बाबांची ढोली सर्दीने भरलीय. ती मोकळी करायची, की बाबांनाच घालवायचं?"

राजा खळखळून हसला. "शास्त्रीबुवा, वाफ द्या त्यांना. गवई इथंच राहतील."

बुवांच्या घराण्यातली एक चीज बापाकडून फक्त मुलाकडेच जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, आवाज घोगरा असतानाच, बुवांनी कालिंदीला समोर बसवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या चिजेची पहिली ओळ तिला दिली.